बारकीच्या बारा रेघा

“मी नाही येत,” असं म्हणून आईने डाव्या पायातला बूट काढला. उजव्या पायातला तसाच ठेवला. म्हणजे यायचं आहे, पण आधी कुणीतरी आपलं ऐकून घ्यायला हवं आहे, हे मी ओळखलं. एक्कावन्न वर्षं मी या बाईची मुलगी आहे.

“टॅक्सी खाली उभी आहे,” मी म्हटलं.

“राहू दे उभी.”

“अगं, ती बाई सहा तासांचा प्रवास करून आलीय तुला भेटायला.”

“मला कशाला? भिंतीला भेटायला आलीय.” आईने पायातला मोजा उगाचच वर ओढला. “आणि त्या भिंतीवरच्या चार रेघा खोट्या आहेत. माझ्यामुळे.”

मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. टॅक्सीवाल्याने खालून एकदा हॉर्न दिला. दिला तर दिला.

आई एकतीस वर्षं तुरुंगात नोकरीला होती. बायकांच्या विभागात आधी शिपाई आणि शेवटी जमादार. गल्लीत अजून तिला जमादारबाई म्हणतात, आणि ते शोभतंही तिला. आमच्या घरात जेवताना बोललेलं तिला खपत नसे. माझे वडील गरीब स्वभावाचे. भाजीत मीठ नाही हे ते जेवण झाल्यावर, हात धुऊन आल्यावर सांगायचे. आईने मला जवळ घेतल्याचं, माझ्या गालावरून हात फिरवल्याचं मला आठवत नाही. तिचं प्रेम नव्हतं असं नाही. पण तेही कुलूपबंद, आणि किल्ली तिच्याच कमरेला.

तो तुरुंग आता रिकामा आहे. कैदी गावाबाहेरच्या नव्या इमारतीत गेले आणि जुन्या दगडी इमारतीचं संग्रहालय झालं. तिथली एक तरुण मॅडम भारी उत्साही. भिंतींवरचे चुन्याचे थर अलगद खरवडून तिने कैद्यांनी कोरलेली चित्रं बाहेर काढली. पुरुषांच्या बाजूला तीन शिडांचं गलबत निघालं. पाच पायांचा एक घोडा निघाला; चौथा पाय चुकला म्हणून कोरणाऱ्याने शेजारी नवा काढला असावा. बायकांच्या बाजूला फारसं काही नव्हतं. चार नंबरच्या खोलीत, दाराशेजारी, एकावर एक बारा आडव्या रेघा तेवढ्या होत्या. मॅडमने त्यांचा फोटो वर्तमानपत्रात दिला आणि खाली लिहिलं, ‘शिक्षेची वर्षं मोजणाऱ्या खुणा’.

आठवड्याभरात एका बाईचं पत्र आलं. तिने लिहिलं होतं, ‘ती वर्षं नाहीत. ती माझी उंची आहे. माझा जन्म त्या तुरुंगातला. आई दर वाढदिवसाला मला भिंतीला उभी करून डोक्यावर रेघ मारायची. केसांत चुना पडायचा, तो मला आठवतो. सहाव्या वर्षी मला बाहेर पाठवलं. त्यानंतर आई मला दिसली नाही. पण फोटोत तर बारा रेघा आहेत. मी नसताना माझी उंची तिला कशी कळत होती? मला एकदा ती भिंत बघायची आहे.’

मॅडमने जुने कर्मचारी शोधले. बायकांच्या विभागातली एकच जिवंत होती. ती आता एक बूट काढून माझ्यासमोर बसली होती.

“तिच्या आईला आम्ही मशीनवाली म्हणायचो,” आई सांगू लागली. “शिवणखात्यात मशीनवर बसायची. माझे दोन गणवेश तिनेच शिवलेत. काखेत एकदाही उसवले नाहीत.”

“आणि गुन्हा?”

“ते कोर्टाने विचारलं होतं. आपण विचारायचं नसतं.”

मुलगी जन्मली तेव्हाच मूठभर होती, म्हणून सगळं आवार तिला बारकी म्हणू लागलं. पहिल्या वाढदिवसाला मशीनवालीने तिला दाराशेजारी उभं केलं आणि चमच्याच्या दांड्याने भिंतीवर रेघ ओढली. भिंत खराब करणं हा गुन्हा. तो वहीत लिहायचं काम आईचं. आई पाठ फिरवून उभी राहिली. “पाठीला काही दिसलं नाही, मग लिहायचं काय?” ती मला म्हणाली. दर वर्षी चुना मारला की रेघा बुजायच्या, आणि मशीनवाली पुन्हा सगळ्या कोरून काढायची. अशा सहा झाल्या. सहाव्या वर्षानंतर मूल आत ठेवायचं नाही असा नियम होता. बारकीची मावशी येऊन तिला घेऊन गेली.

“त्या दिवशी मशीनवाली रडली नाही,” आई म्हणाली. “मला म्हणाली, ‘बाई, पत्र नको, मला वाचता येत नाही. फोटो तुम्ही आत आणू शकत नाही. वर्षातून एकदा तिची उंची तेवढी आणाल का?’”

आईने ती आणली. सुट्टीच्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला मावशीच्या घरी जायचं, बारकीला सरळ उभं करायचं, टाचेपासून डोक्यापर्यंत सुती दोरा धरायचा आणि गाठ मारायची. फाटकावर झडती असे. खिसे, पिशवी, जेवणाचा डबा, सगळं उघडून बघत. आई तो दोरा आपल्या वेणीत गुंफून न्यायची. बाईच्या वेणीतला दोरा कोण तपासणार? सातव्या वर्षाची रेघ अशी झाली. आठव्याचीही.

“नवव्या वर्षी गेले तर घराला कुलूप,” आई म्हणाली. “शेजारीण म्हणाली, ते लोक कुठेतरी निघून गेले, मुलीला कुठल्याशा वसतिगृहात ठेवलंय म्हणे. कुठल्या ते तिला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी बारकीचा वाढदिवस. मशीनवाली सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसणार. मी रिकाम्या हाताने आत कशी जाऊ? घरी आले, तर तू गृहपाठ करत बसली होतीस.”

मला काही क्षण उमगलंच नाही. मग उमगलं.

माझा वाढदिवस उन्हाळ्यातला. पण थंडीतल्या एका संध्याकाळी, मी नऊ वर्षांची असताना, आईने मला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं होतं. “टाचा टेक. मान वर.” तिने माझ्या हनुवटीला दोन बोटं लावून मान सरळ केली, डोक्यावर तळवा ठेवला, आणि दोरा धरून माझ्यापुढे गुडघ्यावर बसली. जमादारबाई, माझ्यासाठी, गुडघ्यावर! “कशाला गं?” मी विचारलं. “फ्रॉक शिवायचाय,” ती म्हणाली. फ्रॉक काही आला नाही. पुढच्या थंडीत पुन्हा माप, पुन्हा फ्रॉक नाही. मला फ्रॉक नकोच होता. तो डोक्यावरचा तळवा मला वर्षभर पुरायचा. चार वर्षं असं झालं. तेराव्या वर्षी ती तारीख आली तेव्हा मी आपण होऊन दारात जाऊन उभी राहिले, टाचा टेकून, मान वर करून. आई हातात पातेलं घेऊन आली आणि म्हणाली, “वाटेत काय उभी आहेस? सरक.”

“त्या वर्षी ती गेली ना?” मी विचारलं.

“पावसाळ्यात. न्यूमोनिया.” आईने माझ्याकडे पाहिलं. “तुला कसं कळलं?”

“तू मला मोजलं नाहीस.”

मला तिचा राग आला होता, आणि त्याहून मेलेल्या मशीनवालीचा हेवा वाटत होता. एक्कावन्नाव्या वर्षी हेवा वाटायला लाज वाटते, पण वाटला. माझ्या लहानपणातली आईची ती एकच माया, तीही दुसऱ्याच्या पत्त्यावर जायची होती. आणि टॅक्सीवाल्याने नेमका तेव्हाच पुन्हा हॉर्न वाजवला.

“शोधलं नाहीस तिला?” मी विचारलं.

“शोधणार होते. पुढच्या सुट्टीला, मग त्याच्या पुढच्या. खोटं चालतंय म्हटल्यावर माणूस खऱ्यामागे धावत नाही गं.” तिने काढलेला बूट पुन्हा पायात घातला. “आता तिला काय सांगू ते सांग.”

“काही सांगू नकोस. तिच्या आईला तिची उंची कळत होती, एवढंच ती घेऊन आलीय. ते कशाला काढून घेतेस? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

आईने मान हलवली. ती हो होती की नाही, ते टॅक्सीत बसेपर्यंत मला कळलं नाही, आणि टॅक्सीत तिने डोळे मिटून घेतले.

तुरुंगाच्या फाटकाशी मॅडम उभी होती, आणि तिच्या खांद्याच्याही खाली भरेल अशी एक बाई. करडे केस आखूड कापलेले, हातात मोठी पिशवी. ती एका बेकरीत कामाला होती. घरून निघताना स्वतः भाजलेला पाव घेऊन आली होती, अजून फडक्यात गुंडाळलेला. आईला बघून तिने पिशवी खाली ठेवली.

“बाई,” ती म्हणाली, “तुमच्या बुटांचा आवाज तसाच आहे.”

आई तिच्याकडे बघतच राहिली. तिचा चेहरा पडला होता, आणि तो कशाने ते मला लगेच समजलं. मी माझ्या वडिलांवर गेलेय, उंच. बाराव्या वर्षीच मी वर्गातल्या मुलांच्या वर डोकं काढलं होतं. आणि ही बारकी पन्नाशीतही बारकीच होती.

आवार ओलांडून आम्ही चार नंबरच्या खोलीत गेलो. खोली माझ्या कल्पनेपेक्षा लहान निघाली. वर एक गजांची खिडकी, तिच्यातून उन्हाचा तुकडा जमिनीवर पडलेला. दाराशेजारच्या भिंतीवर रेघा होत्या. फोटोत त्या सरळ दिसत होत्या. प्रत्यक्षात जराशा तिरक्या होत्या. मूल हललं असेल तिथे चमचा घसरला होता. बारकीने सगळ्यात खालच्या रेघेवर बोट ठेवलं, मग वरच्या, मग तिच्या वरच्या. सहाव्या रेघेपाशी ती थांबली आणि हसली.

“या दिवशी मी नवी चप्पल घालून उभी राहिले होते. आई म्हणाली, लबाडी नाही चालायची, काढ.”

मी मनात म्हटलं, झालं!

मग ती वळली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि डोक्यावर हात आडवा धरून म्हणाली, “बघा बरं, किती वाढले मी.”

हात तसाच ठेवून ती बाजूला झाली आणि तिने पाहिलं. बारावी रेघ तिच्या हाताच्या चार बोटं वर होती. अकरावी जवळजवळ हाताला टेकलेली.

“हे कसं?” ती हसत म्हणाली, आणि मग हसू गेलं. “बाराव्या वर्षी मी आत्तापेक्षा उंच होते?”

मॅडम हुशार मुलगी, लगेच मदतीला धावली. “होतं असं. जुन्या इमारतींत फरशी नंतर बदलतात. जमीन खाली गेली की भिंतीवरच्या खुणा वर गेल्यासारख्या वाटतात. हो ना, जमादारबाई? फरशी बदलली असेल ना मधे?”

मी आईकडे पाहिलं. नुसती मान हलवायची होती. एवढी सोपी सुटका आयुष्यात एकदाच मिळते, आणि तीही शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडून. मी तिच्या कोपराला हलकेच धक्कासुद्धा दिला.

“फरशी तीच आहे,” आई म्हणाली. “एकतीस वर्षं चाललेय मी हिच्यावरून.”

आणि तिने सांगितलं. उभ्याउभ्याच, हात मागे बांधून, वरिष्ठांसमोर अहवाल द्यावा तसं. कुलूप, शेजारीण, वेणीतला दोरा, मी. काही गाळलं नाही आणि स्वतःची बाजूही घेतली नाही. मॅडमने वहीत लिहायला घेतलं होतं, ते मध्येच थांबवलं.

“पहिली खोटी रेघ कुठली?” बारकीने विचारलं.

आईने नवव्या रेघेवर बोट ठेवलं. आठवी आणि नववी यांच्यात चांगलं वीतभर अंतर होतं. हाडाचा खोटारडा असता तर त्याने दोरा चार बोटं आखूड कापला असता. आईला ते सुचलंसुद्धा नव्हतं.

“तुझ्या आईनेही विचारलं होतं,” आई म्हणाली. “‘एका वर्षात एवढी? काय खायला घालते हिची मावशी?’ मग खूश झाली. चार नंबरमधल्या सगळ्या बायकांना बोलावून दाखवलं. म्हणाली, ‘बरं झालं, माझ्यावर नाही गेली. मला फळीवरचा डबा कधी हाताला लागला नाही, हिला लागेल.’”

बारकी माझ्याकडे वळली. तिला माझ्याकडे बघायला मान वर करावी लागली.

“या तुमच्या?”

“हो,” मी म्हटलं. “मला आज सकाळीच कळलं.”

तिने मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. सकाळी मी जशी मशीनवालीवर जळत होते, तशी ती आता माझ्यावर जळत होती, आणि त्यावर आम्हा दोघींकडेही इलाज नव्हता.

“ते वसतिगृह इथून बसच्या चौथ्या थांब्यावर होतं, बाई,” ती आईला म्हणाली. आवाज चढला नव्हता. “या तुरुंगाची घंटा आम्हाला ऐकू यायची. मी रोज मोजायचे. सातव्या आठव्या वर्षी तुम्ही दोरा घेऊन आलात; कशाला ते कुणी सांगितलं नाही, पण आईने पाठवलंय एवढं कळायचं. मग तुम्ही आला नाहीत. मी समजले, आई विसरली. सोळाव्या वर्षी मला कुणीतरी सांगितलं की ती चार वर्षांपूर्वीच गेली. तेव्हा रडायला आलं नाही मला. विसरलेल्या माणसासाठी काय रडायचं?”

“ती विसरली नव्हती.”

“हे मला फोटो बघून कळलं. पन्नासाव्या वर्षी. तुम्ही तेव्हा चार थांबे आला असतात तर...”

तिने वाक्य पुरं केलं नाही. आईचे हात मागे बांधलेलेच होते, पण मी मागच्या बाजूला उभी होते; एका हाताची बोटं दुसऱ्या हाताने घट्ट धरलेली मला दिसत होती.

“चुकलं माझं,” आई म्हणाली.

हे शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. वडील ऐकायची वाट बघत बघत गेले. ते इतके साधे येतील असं मला वाटलं नव्हतं.

बारकीने क्षमा केली नाही. ‘असू दे’ म्हणाली नाही, ‘तुम्ही तरी काय करणार’ असंही म्हणाली नाही, आणि मला ते आवडलं. ती भिंतीकडे वळली. बऱ्याच वेळाने मॅडमला म्हणाली, “वरच्या चार पुसू नका. पण पाटीवर नीट लिहा. खालच्या आठ तिच्या मुलीच्या, वरच्या चार दुसऱ्या एका मुलीच्या. कोरणारी एकच.”

मॅडमने होकार दिला आणि लिहून घेतलं.

“आणि मला जरा इथे बसू द्याल?”

आम्ही बाहेर आलो. वळताना मला दिसलं, की पिशवी बाजूला ठेवून ती जमिनीवर बसली होती, पाय पसरून, पाठ भिंतीला टेकून. बसल्यावर तिचं डोकं कितवीतरी खालची रेघ झाकत होतं. दुसरी असेल किंवा तिसरी. तिने डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले.

आईने दार लोटून घेतलं, पुरतं नाही, बोटभर फट ठेवून. मग दाराकडे पाठ करून उभी राहिली. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती इतकी ताठ उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. मी शेजारी जाऊन उभी राहिले. माझ्याकडे न बघता तिने माझ्या खांद्यावर पडलेला चुना झटकला. तिथे चुना होता की नाही, मी पाहिलं नाही.

तेवढ्यात आवारातून पंधरा-वीस माणसांचा घोळका आला. पुढे वाटाड्या, हातात छत्री उंच धरलेला. गलबत बघून झालं होतं, पाच पायांचा घोडा बघून झाला होता, आता चार नंबरची पाळी होती.

“थांबा,” आई म्हणाली. “आत जाता येणार नाही.”

“का? बंद आहे का?”

“आत भेट चालू आहे.”

वाटाड्याने मॅडमकडे पाहिलं. मॅडमने आईकडे पाहिलं. घोळक्यातली एक म्हातारी पायरीवर टेकली. कुणीतरी कुजबुजत विचारलं, ही बाई कोण.

“किती वेळ लागेल, आजी?” वाटाड्याने विचारलं.

“भेटीला वीस मिनिटं असतात. वेळ संपली की मी सांगेन.”

वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. आईने मनगटावरच्या घड्याळाकडे एकदा पाहिलं आणि स्वेटरची बाही त्याच्यावर ओढून घेतली.